खुलासा : गाताना मानेची शीर फुगणं म्हणजे हार्ट अटॅक नव्हे

खानापूर-निपाणीकडच्या भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'गाताना मानेची शीर फुगली तर हार्ट अटॅक जवळ आलाय, ती चोळून बसवा.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आमच्या काकांनीही तो काळजीपोटीच मला पाठवला.

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. ही शीर जबड्याच्या कोनाजवळ सुरू होते, मानेच्या तिरक्या स्नायूवरून कातडीलगत उतरते आणि हासळीच्या हाडामागे मोठ्या शिरेला मिळते. अभंगाची तान लांबवली, पोतं उचललं, की छातीतला दाब वाढतो. रक्त क्षणभर तुंबतं, शीर वर येते. श्वास सोडला की बसते. उताणं झोपल्यावर तर धडधाकट माणसाचीही दिसते.

चोळणं मात्र खरंच धोक्याचं. तिथंच खोलवर मेंदूकडे जाणारी धमनी आहे. ती जोरात दाबली गेली तर ठोके मंदावून भोवळ येऊ शकते.

बसलेलं असतानाही शीर सतत फुगलेली असेल, सोबत धाप किंवा पायांना सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.