आरसी मिळवायची असेल तर आधी आरसी आणा

माझ्याकडे मोटारसायकल आहे, तिचा चेसिस क्रमांक आहे, इंजिन क्रमांक आहे, ती माझ्या वडिलांचीच होती हे शपथेवर सांगायला तयार असलेले निम्मे गाव आहे. फक्त आरसी पुस्तक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, नाही, आणि तेवढ्यावरून ही गाडी अस्तित्वातच नाही असे मला एकामागून एक खिडकीवर ऐकवले जात आहे. हे मी संतापाने लिहीत आहे आणि तो संताप झाकून ठेवण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

गाडी १९८६ सालची येझदी रोडकिंग आहे. वडील तेव्हा नोकरीनिमित्त शेजारच्या जिल्ह्यात होते, तिथेच त्यांनी ती नवी घेतली आणि तिथेच तिची नोंदणी झाली. तिचा क्रमांक जुन्या पद्धतीचा, म्हणजे तीन अक्षरे आणि पुढे आकडे असा आहे. आज कोल्हापूरच्या गाडीवर जो एमएच ०९ दिसतो, ती पद्धत १९८८ चा मोटार वाहन कायदा जुलै १९८९ मध्ये लागू झाल्यानंतरची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २००१ मध्ये वडिलांनी स्वतः रांगेत उभे राहून तिची पाच वर्षांसाठी फेरनोंदणी करून घेतली होती, आणि तो शिक्का पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होता हे मला स्पष्ट आठवते. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. येझदीला किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो. तो वर फिरवून किक मारायची आणि पुन्हा खाली आणून गिअर टाकायचा, हे त्यांना झेपेना. म्हणून गाडी माझ्या बहिणीच्या घरी, कोल्हापुरात, मागच्या पडवीत उभी राहिली. तिथे होती म्हणूनच ती वाचली.

कागद वाचले नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी प्रयाग चिखलीतील आमच्या घरात शिरले आणि काही दिवस तिथेच राहिले. पाणी ओसरल्यावर पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा आरसी पुस्तक, विम्याच्या पावत्या, शाळेचे दाखले आणि आईच्या लग्नातील छायाचित्रे यांचा मिळून एकच राखाडी लगदा झाला होता. पुस्तकाचे कव्हर तेवढे ओळखू येत होते. उचलायला गेलो तर तेही बोटांना चिकटून तुकड्यातुकड्याने सुटून आले. नंतर पंचनामा झाला. त्यात भांडी, धान्य, कपडे आणि जनावरे यांची नोंद झाली. कागदपत्रे भिजली, याला रकाना नव्हता.

वडील वारल्यानंतर आम्ही भावंडांनी ठरवले की गाडी विकायची नाही, दुरुस्त करून चालवायची. उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये सिलिंडर बोअर करून घेतला, बाजारात न मिळालेले बुश लेथवर तासून घेतले आणि इंजिन पहिल्या आठवड्यातच सुरू झाले. जी कंपनी १९९६ मध्ये बंद पडली तिच्या गाडीचा हवा तो भाग या शहरात एक कारागीर चहा पिता पिता बनवून देतो, आणि त्याच गाडीचा एक कागद बनवायला सगळी शासनयंत्रणा मिळून अपुरी पडते, हे मला त्यानंतर समजले.

आरसी हरवल्यास आरटीओत नमुना २६ भरून दुय्यम प्रत मागायची असते. त्या अर्जाला पोलिसांकडील गहाळ नोंदीचा दाखला जोडावा लागतो. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर होती याचा पुरावा म्हणून आधी आरसीची झेरॉक्स द्या. विनवण्या करून दाखला मिळवला, तर पुढे चालू विमा हवा. विमा काढायचा तर गाडी संगणकावर दिसली पाहिजे. ती दिसायची तर जुनी नोंद संगणकावर चढवावी लागते, ज्याला सगळे जण बॅकलॉग म्हणतात. आणि बॅकलॉगसाठी एकतर मूळ आरसी हवी किंवा मूळ कार्यालयातील नोंदवही हवी. मूळ कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे गेलो तर त्या वर्षाची नोंदवही सापडत नाही, आरसी असेल तर घेऊन या, त्यावरून लगेच करून देतो, असे उत्तर मिळाले. हे उत्तर देणारे गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलत होते, त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली, आणि आपण काय बोललो याची त्यांना यत्किंचितही जाणीव नव्हती. गाडी त्या जिल्ह्यातून इकडे आणायची तर नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि वडिलांच्या पश्चात ती वारसाच्या नावावर करायची तर नमुना ३१ लागतो. या दोन्हींनाही आरसी जोडावी लागते, हे आता वेगळे सांगायला नकोच.

एका खिडकीवर तर मला विक्रेत्याकडून नमुना २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, पुन्हा आणण्याचा सल्ला मिळाला. ज्या दुकानातून गाडी घेतली तिथे आज चपलांचे दुकान आहे. गाडी बनवणारा म्हैसूरचा कारखाना बंद पडून तीन दशके होत आली. मी हे सांगितल्यावर समोरच्या व्यक्तीने मान हलवली आणि म्हटले, "मग अवघड आहे." अवघड आहे हे मला माहीत होते, म्हणूनच तर मी त्या खिडकीपाशी उभा होतो.

बाहेर झाडाखाली बसलेल्या एजंटने मात्र एका वाक्यात सगळी व्यवस्था उलगडून दाखवली. "कागुद न्हाई म्हंजे गाडीच न्हाई बघा, दादा. पन करूया की कायतरी." त्याचे कायतरी म्हणजे असे: भंगारात गेलेल्या दुसऱ्या एखाद्या येझदीचे पुस्तक मिळते, त्यातील क्रमांक माझ्या गाडीच्या हँडलखालच्या नळीवर पाडायचा, मूळ क्रमांक घासून टाकायचा, आणि मग सगळे अर्ज विनातक्रार पुढे सरकतात. हा उघड गुन्हा आहे. पण त्याचा दर ठरलेला आहे, त्याला लागणारा वेळही ठरलेला आहे, आणि ते करून देणारा माणूस भर दुपारी, सगळ्यांच्या देखत बसलेला आहे. माझा राग कोणाच्या लाचखोरीवर नाही, त्या रागाची आता सवय झाली आहे. माझा राग या गोष्टीवर आहे की खऱ्या क्रमांकाच्या खऱ्या गाडीला एकही दरवाजा उघडत नाही आणि घासलेल्या क्रमांकाच्या गाडीला सगळे उघडतात.

मग गाडी मोडीत काढ, असेही हितचिंतक सुचवतात. तीही सोय नाही. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी रीतसर मोडीत काढायची तरी आरसी मागतात. म्हणजे ही गाडी कायद्याने जगूही शकत नाही आणि मरूही शकत नाही. लक्ष्मीपुरीतला भंगारवाला काही मागत नाही. तो फक्त काटा मांडतो.

आता कोणी म्हणेल की सरकारने खबरदारी घ्यायची नाही काय, उद्या कोणीही चोरीची गाडी आणून बापाची म्हणून सांगेल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचे उत्तर सरकारच्याच खिशात आहे. चोरीस गेलेल्या वाहनांची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे इंजिन आणि चेसिस क्रमांकासह असते. चेसिसवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठोकलेला आकडा न् आकडा उमटतो. असा ठसा मी घेऊन फिरत आहे. तो त्या माहितीशी पडताळून पाहायचा, वारसांची प्रतिज्ञापत्रे घ्यायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, हरकतींना मुदत ठेवायची, आणि कोणी पुढे आले नाही तर नोंद करायची. यात नवे काय आहे? आमच्या शेतजमिनीला वडिलांच्या पश्चात वारस नोंद अगदी अशीच लागली. तलाठ्याने नोटीस काढली, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली, मंडल अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला आणि सातबाऱ्यावर आमची नावे आली. लाखो रुपयांच्या जमिनीला जी पद्धत चालते, ती काही हजारांच्या दुचाकीला का चालत नाही, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. इतकेच काय, दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षे उघडपणे, मालकाचा हक्क झुगारून कब्जा ठेवणाऱ्यालाही मालकी सांगण्याची वाट या देशाचा मुदतीचा कायदा मोकळी ठेवतो. मी तर कोणाचे काही बळकावलेलेही नाही.

आणि कळस पुढे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५७ लिलावात घेतलेल्या वाहनांबद्दल आहे. सरकारने लिलाव केलेल्या वाहनावर क्रमांकच नसेल, किंवा असलेला क्रमांक पडताळणीत खोटा निघाला, तर त्याला नवा क्रमांक द्यावा, तो आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावे नोंदवावा आणि मग खरेदीदाराच्या नावे करावा, अशी त्यात सोय आहे. ती वाचून मी बराच वेळ सुन्न झालो. म्हणजे कागद नसलेल्या गाडीला क्रमांक देणे कायद्याला अशक्य नाही. ते त्याला उत्तम जमते, फक्त ती गाडी मालकाकडे असता कामा नये. मी वडिलांची येझदी रात्री रस्त्यावर सोडून द्यावी, पोलिसांनी ती बेवारस म्हणून उचलावी, ठाण्याच्या आवारात तिने काही पावसाळे भिजावे, तिचे आरसे आणि टाकीचे झाकण कोणीतरी काढून न्यावे, आणि मग मी लिलावात बोली लावून माझ्याच बापाची गाडी सरकारकडून विकत घ्यावी, हा तिच्यासाठी उपलब्ध असलेला एकमेव सरळ मार्ग आहे. तोही दुसऱ्या कोणी जास्त बोली लावली नाही तरच.

शुल्काच्या बाबतीत मात्र हीच यंत्रणा कमालीची जागरूक आहे. फेरनोंदणीला उशीर झाला तर दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा, अशी तरतूद नियमांत आहे. वीस वर्षांवरील दुचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२५ मध्ये २००० रुपये झाले. त्यावर पर्यावरण कर वेगळा. पेट्रोल पंपावर गेले की उच्च सुरक्षा क्रमांक पाटी (एचएसआरपी) लावून घ्या म्हणून बजावणारे फलक दिसतात, पण त्या पाटीसाठी नाव नोंदवायचे तर पुन्हा संगणकात गाडी हवी. कोणी विंटेजची पळवाट सुचवू नये: ती ५० वर्षांवरील गाड्यांसाठी आहे, तिचे नवे नोंदणी शुल्क २०,००० रुपये आहे, आणि गाडी पूर्वी भारतात नोंदलेली असेल तर तिथेही जुनी आरसी जोडा असेच लिहिले आहे.

या सगळ्यात सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की मला अजून कोणी नाही म्हटलेलेच नाही. "सिस्टीम घेत नाही," "साहेबांना विचारून बघा," "पुढच्या आठवड्यात या," अशी वाक्ये मिळतात, पण कागदावर एक ओळ मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५७ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी आदेश तरी हवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्ज फेटाळायचा तर लेखी कारण द्यावे लागते, पण त्यासाठी अर्ज दाखल तरी व्हायला हवा, आणि संगणकातील अर्ज गाडीचा क्रमांक टाकताच "नोंद आढळली नाही" असे सांगून तिथेच थांबतो. अर्ज घेतला नाही म्हणजे नाकारला नाही, आणि नाकारला नाही म्हणजे दाद मागायला काही उरतच नाही.

म्हणून आता मी सगळा अर्ज हाताने लिहून, पेन्सिलचा ठसा, गहाळ नोंदीचा दाखला, पंचनाम्याची प्रत आणि आम्हा भावंडांची प्रतिज्ञापत्रे जोडून, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने दोन्ही जिल्ह्यांत पाठवला आहे. उत्तर नकाराचे आले तरी चालेल. फक्त त्याखाली सही असावी आणि वर जावक क्रमांक असावा.