‘लिनक्स घेतलं म्हणून काय झालं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी, कोड सगळ्यांना उघडा असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: लिनक्स टाकलं तरी ब्राउझर तोच, ईमेल तोच, खिशातला फोन तोच, मग खासगीपणाच्या गप्पा कशाला? ज्याला लपवायचं काही नाही त्यानं एवढा खटाटोप का करावा? आणि ज्याचा कोड सगळ्या जगाला उघडा, ते सुरक्षित कसं? दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा मान्य. ‘लिनक्सवर आलात की पाळतीतून सुटलात’ असं मी लेखात लिहिलं होतं, ते चूक होतं. संकेतस्थळं तुम्हाला ओळखतात ती कुकीजवरून, लॉग-इनवरून, आयपी पत्त्यावरून, स्क्रीनचा आकार नि फॉन्ट अशा बारीकसारीक खुणा जुळवून. खाली कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे यानं त्यात फारसा फरक पडत नाही. उलट डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे कमी, त्यामुळे या जुळवाजुळवीत आपण जरा उठूनच दिसतो. ते वाक्य आज लेखातून काढलं आहे.

‘लपवायचं काही नाही’ हे मात्र मला पटत नाही. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या ईमेल खात्यात साठलेली सगळी माहिती मागवून डाउनलोड केली. त्यात वडिलांच्या आजारपणातले सर्च होते, वेळेसकट. रात्री १:५०, बायोप्सीचा रिपोर्ट किती दिवसांत येतो. २:१०, अशा गाठीतून माणूस बरा होतो का. ३:२५, वडिलांना कसं सांगायचं. आजार घरात सगळ्यांना ठाऊक होता, त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्या रात्री मी कसकसा घाबरत गेलो, हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते एका कंपनीकडे मिनिटामिनिटाच्या नोंदीसह पडून होतं. स्क्रीनसमोर बराच वेळ नुसता बसून राहिलो.

तेव्हा लिनक्स असतं तरी ती नोंद झालीच असती, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. त्यासाठी उपाय वेगळे. मी सर्चचा इतिहास साठवणं बंद केलं, ईमेलला वेगळा ब्राउझर ठेवला, आणि रोजच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेंशन टाकलं. हे तिन्ही तुम्हाला विंडोजवरही करता येईल, आणि जरूर करा.

मग लिनक्स कशाला? तर ब्राउझरच्या खालच्या थरात आपल्याला ‘नको’ म्हणता यावं म्हणून. विंडोज १० च्या होम आणि प्रो आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टकडे जाणारी निदानविषयक माहिती (कॉम्प्युटर कसा चालतो, कुठे अडतो याची) कमी करता येते, सेटिंगमधून पूर्ण बंद करता येत नाही. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार टाकताना एक प्रश्न समोर येतो: कोणती पॅकेजेस (म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) वापरता याच्या पाहणीत भाग घ्यायचा का? उत्तर आधीपासून ‘नाही’ वर असतं. तेवढ्या एका पडद्यासाठी मला डेबियनविषयी आदर वाटतो.

लिनक्सवाले सगळे सज्जन, असा माझा दावा नाही. २०१२ साली उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या १२.१० आवृत्तीत स्वतःच्या कॉम्प्युटरवर फाइल शोधायला शब्द टाइप केला, तरी तो उबुंटू बनवणाऱ्या कॅनोनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जायचा आणि ॲमेझॉनवरच्या वस्तू निकालात दिसायच्या. लोक चिडले, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं. पण ज्याला ते नको होतं त्याला एक पॅकेज काढून टाकून मोकळं होता येत होतं, आणि २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत ते मुळातच बंद करून आलं.

उघड्या कोडबद्दलची तुमची शंका रास्त आहे. मार्च २०२४ मधला एक्सझेड युटिल्सचा (फाइल दाबून लहान करणाऱ्या, लिनक्समध्ये सर्रास असणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रकार त्याचाच नमुना. कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो सापडला, कारण एसएसएचनं (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून सुरक्षित शिरण्याच्या सोयीनं) लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकलं आणि त्यांनी माग काढला. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते. बहुतेक डिस्ट्रोंच्या, म्हणजे डेबियन-उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांच्या, स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो कोड पोचला नव्हता. यात नशिबाचा भाग मोठा होता, हे मान्यच करायला हवं. पण खटकल्यावर आत डोकावायला त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही, हेही तितकंच खरं.

फोटोशॉप आणि ऑटोकॅड लिनक्सवर थेट चालत नाहीत; तुमचं पोट त्यांच्यावर चालत असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका, असंच मी सांगेन.

शेवटी तुम्ही जुन्या लॅपटॉपचं विचारलंत. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विचार करायला ही वेळ बरी आहे. आधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्यातल्या दोन-चार उघडून बघा. मग लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार पेनड्राइव्हवर घेऊन तिथूनच लॅपटॉप सुरू करा. असं चालवताना आतल्या डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय मिळतंय का बघा, मग आवाज, मग झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का ते. यातलं काही अडलं तर मॉडेलचं नाव इथेच लिहा, मी बघतो.