‘यंत्राला काय कळतं, किती दाबायचं?’

आठवडाभर कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. रोबोटने कॅथेटर, म्हणजे हृदयापर्यंत घालायची बारीक लवचीक नळी, चालवतात तेव्हा डॉक्टर दुसऱ्या खोलीत असतात, हाताला काहीच लागत नाही, म्हणून हृदयाला भोक पडतं. अनुभवी डॉक्टरांचा हातच खरा. दाब मोजणारा सेन्सर फक्त बिल फुगवायला. शेजारच्या काकूंची हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ॲब्लेशनची, म्हणजे बिघाड करणारा भाग कॅथेटरच्या टोकाने भाजण्याची, तारीख ठरली होती. मेसेज वाचून त्यांनी ती पुढे ढकलली. कॅथलॅबच्या, म्हणजे हे उपचार होतात त्या खोलीतल्या, उपकरणांचं काम करत असल्याने मला गप्प बसवेना.

आधी ‘हातच खरा’, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. कॅथेटर जांघेतल्या शिरेतून वर चढतं, हृदयातला पडदा ओलांडून डाव्या कर्णिकेत, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, जातं. वाटेत वळणं आणि घर्षण. टोकावरचा दाब हातापर्यंत पोचतो तो या सगळ्यात मिसळून. काकूंच्या ओट्यावर करूनच पाहिलं. खिडकीच्या पडद्याची जुनी स्प्रिंग बागेच्या नळीच्या तुकड्यात घातली, नळीला दोन वळणं दिली, टोक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टेकवलं. “काकू, न बघता वीस ग्रॅम दाबा.” काट्यावर 3. जरा जोर लावला, तर एकदम 70. हृदयात लागतो तो दाब साधारण 10 ते 40 ग्रॅम. दहाची तीन नाणी तळहातावर ठेवा, 23 ग्रॅम होतात.

मेसेजमध्ये कमी दाबाचं नावच नाही. टोक नीट टेकलं नाही तर भाजल्याचा डाग वरवरचा पडतो आणि ठोके पुन्हा बिघडतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या टोकाटा अभ्यासात रुग्ण थोडेच होते, 32. पण सरासरी 10 ग्रॅमपेक्षा कमी दाब मिळालेल्या सगळ्यांचा त्रास परतला. 20 ग्रॅमच्या वर मिळालेल्यांपैकी 80 टक्के वर्षभर ठीक राहिले.

‘रोबोटला कळत नाही’ ही शंका मात्र रास्त आहे, आणि ती बनवणाऱ्यांनाही होती. अमेरिकेत 2007 साली मान्यता मिळालेल्या सेन्सेई यंत्रात कॅथेटर बारीक मागेपुढे हलवून मागच्या टोकाकडून दाब काढत. पुढे सेन्सर थेट टोकात बसले. एका प्रकारात तीन प्रकाशतंतू असतात. टोक दबलं की परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते आणि स्क्रीनवर ग्रॅम दिसतात. दुसऱ्यात इवलीशी स्प्रिंग. अशा कॅथेटरना अमेरिकेत 2014 साली मान्यता मिळाली. चुंबकाने चालवायचं कॅथेटर तर मुळातच इतकं लवचीक असतं, की जोरात रुतवता येत नाही. आणि ते पुढे न्यायचं की थांबायचं, हे दुसऱ्या खोलीतले डॉक्टरच ठरवतात. भोक पडण्याचा धोका हाताने करतानाही असतो.

बिलाचं म्हणाल, तर सेन्सरचं कॅथेटर महाग असतं, खरं आहे. सेन्सर लावला की काम फत्ते, असंही नाही. 2015 च्या टोकास्टार अभ्यासात योग्य दाब राखलेल्या गटात 75.9 टक्क्यांना यश आलं, न राखलेल्या गटात 58.1. सेन्सर दोन्ही गटांत होता.

काकूंनी कॅलेंडरच्या मागे डॉक्टरांसाठी प्रश्न लिहून घेतले: दाब मोजणार का? किती ठेवणार? वाढला तर काय करणार? चौथा त्यांनी स्वतः घातला: आकडा कोण बघत बसणार?