कणसाचे पेन

ज्या माणसाच्या हस्ताक्षराविषयी शाळेपासून आजतागायत कोणी चांगला शब्द काढलेला नाही, त्याने स्वतःच्या हाताने पेन घडवण्याचा ध्यास घ्यावा, यात काहीतरी घोटाळा आहे हे मला मान्य आहे. परंतु छोटा लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कातण्याचे यंत्र, घरी आल्यापासून मला जिकडेतिकडे पेनच दिसू लागले. मोडक्या पलंगाचा पाय दिसला की त्यातून किती पेने निघतील याचा हिशेब मनात सुरू होतो, आणि बुद्धिबळाच्या उंटाकडे मी ज्या नजरेने पाहतो ती ओळखून मुलीने तो डबा कुलपात ठेवला आहे.

चांगल्या सरळ लाकडाचे पेन कोणीही करील. मला हवे होते कणसाचे. दाणे काढलेले मक्याचे कणीस आडवे कापले की मध्ये भेंडासारखा मऊ गाभा, त्याभोवती टणक कडे आणि बाहेर दाण्यांची रिकामी घरे अशी नक्षी दिसते. ती पाहून मी हरखलो आणि तिथेच फसलो. असले कणीस तसेच लेथवर चढवले तर पेन होत नाही, भुसा होतो. ते आधी खडखडीत वाळवायचे, मग पातळ रेझिनमध्ये बुडवून निर्वात भांड्यात ठेवायचे, आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने संपेपर्यंत पंप चालवायचा, नंतर रेझिन आत मुरू द्यायचे आणि शेवटी सुमारे ९० अंश सेल्सिअसला भाजून कडक करायचे. माझ्या कणसाचे बुडबुडे मध्यरात्र उलटली तरी थांबेनात, आणि पंपाची घरघर ऐकत जागलेल्या घरातल्या मंडळींनी सकाळी माझ्याशी बोलणे टाकले. (पूर्वी शिंग कातताना घरभर जळक्या केसांचा वास पसरला होता, तेव्हा निदान भांडण तरी झाले होते.)

पुढे या कणसाला ७ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवायची असते. गोंद नळीला सर्व बाजूंनी लागायला हवा. माझा एका ठिकाणी लागला नाही. मिनिटाला अडीच हजार फेरे घेणाऱ्या त्या कणसावर मी पटाशी टेकवली, साल पातळ होत होत जेमतेम मिलिमीटरभर उरली, आणि जिथे फट राहिली होती तिथेच ‘फट्’ असा आवाज होऊन अर्धे पेन माझ्या तोंडावरील पारदर्शक मुखवट्यावर आदळले. मुखवटा नसता तर हा लेख कदाचित दुसऱ्या कोणाला सांगून लिहून घ्यावा लागला असता.

दुसरे कणीस मात्र टिकले. पॉलिश पेपर १५० नंबरपासून चढवत नेला, मध्येच लेथ थांबवून लांबीच्या दिशेने घासून गोल ओरखडे घालवले. मग चकाकीसाठी सायनोअॅक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे पातळ थर देताना मी कागदी रुमालाऐवजी कापूस घेतला. हा गोंद कापसाला लागला की भराभर घट्ट होताना तापतो, हे ज्ञान मला बोटांमार्गे झाले. कापसातून धूर निघाला, डोळ्यांतून पाणी आले, आणि अंगठा, तर्जनी व पेन यांचे जे मीलन झाले ते सोडवायला अॅसिटोन आणि अर्धा तास लागला. पेन सुटले, दोन्ही बोटांवर काचेसारखे कवच तेवढे राहिले.

जोडणी करताना रिफिल फिरवण्याचे यंत्र नळीत दाबून बसवायचे असते. मी ते दोन मिलिमीटर जास्त दाबले. ते सहजासहजी मागे येत नाही, त्यामुळे माझ्या पेनाचे टोक कितीही फिरवले तरी सदैव बाहेरच असते, आणि माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाखाली निळे वर्तुळ उमटलेले असते.

तरीही परवा सुट्या भागांचे नवे पार्सल आले तेव्हा, सही करायची म्हणून मी ते पेन ऐटीत बाहेर काढले. पार्सल आणणाऱ्या मुलाने त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता मोबाइल पुढे केला. ‘‘काका, बोटानेच करा सही.’’ मी तर्जनी टेकवली, घासली, पुन्हा दाबली. गोंदाच्या कवचामुळे पडद्यावर काहीही उमटेना. शेवटी मुलीने येऊन सही केली.