‘वडिलांनी १ एचपीवर लोकांची घरं भरली’: एका प्रतिक्रियेला उत्तर

फर्निचरसाठी टेबल सॉ (टेबलातून पातं वर येणारी विजेची करवत) घेताना मोटर शक्यतो ३ एचपीची, म्हणजे ३ अश्वशक्तीची असावी, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. खाली सही ‘सुतारपुत्र’ अशी आहे. ती जशीच्या तशी देतो.

“अहो साहेब, ३ एचपी, ३ एचपी काय लावलंय? आधी पात्याला धार लावा. माझ्या वडिलांनी १ एचपीच्या मोटरीवर तीस वर्षं फर्निचर केलं, लोकांची घरं भरली. पातळ पातं लावलं की भागतं. ताकद वाढली की धोकाही वाढतो, ते लिहायला विसरलात. आणि १० इंची पातं ४ इंच कापतं, हे कुठल्या गावात? नवशिक्यांना घाबरवून महागडी मशीनं त्यांच्या गळ्यात मारू नका.”

४ इंचांची चूक माझीच. १० इंची पातं पूर्ण वर घेतलं तरी जेमतेम सव्वातीन इंच जाडी कापतं, कारण निम्म्याहून जास्त पातं टेबलाखालीच राहतं. लिहिताना डोक्यात १२ इंची पातं होतं. आपण लक्षात आणून दिलंत, आभारी आहे.

पण ‘गळ्यात मारू नका’ हे कशाच्या जोरावर लिहिलंत? त्या लेखात मी एकाही कंपनीचं नाव घेतलेलं नाही. कुठल्या दुकानाचा पत्ता नाही, किंमत नाही. मी मशीन विकत नाही आणि विकणाऱ्याकडून चहासुद्धा घेतलेला नाही. एखाद्याचं म्हणणं पटलं नाही की त्याला दलाल ठरवून मोकळं व्हायचं, ही रीत मला मान्य नाही. समोरासमोर असतो तर आपण हे वाक्य बोलला नसतात, एवढी आपल्याबद्दल मला खात्री आहे.

आता वडिलांबद्दल. त्यांनी तीस वर्षं १ एचपीवर काम केलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मीही सुताराच्याच घरातला. फक्त मला एक सांगा, त्या मशीनवर ते काय कापत होते? पाऊण-एक इंची फळ्या, चौकटीच्या पट्ट्या, प्लाय? त्याला १ एचपी पुरते. त्या जुन्या मशीनांवर पट्ट्याने पातं फिरवणारी इंडक्शन मोटर (कार्बन ब्रश नसलेली, जड मोटर) असायची, तिच्या पाटीवर १ एचपी लिहिलेलं असेल तर शाफ्टवर खरोखर १ एचपी मिळायची. आज नवशिक्या दुकानात जातो तेव्हा त्याला खोक्यावर ‘२००० वॅट’ दिसतं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून तो मनात भागाकार करतो आणि पावणेतीन एचपी मिळाली म्हणून खूश होऊन घरी येतो. पण कार्बन ब्रशच्या छोट्या मोटरीवर लिहिलेले वॅट म्हणजे ती ओढते ती वीज. त्यातला बराच भाग उष्णतेत आणि आवाजात जातो, उरलेलं पात्याला मिळतं. शिवाय लोड आला की तिचे फेरे झपकन उतरतात. इंडक्शन मोटर फेरे फारसे सोडत नाही, थोडा वेळ रेटा सहन करते. माझ्या लेखातला मुद्दा हाच होता. आपल्या वडिलांची १ एचपी आणि आजच्या खोक्यावरची २ एचपी यांची तुलना होत नाही, आणि झालीच तर वडिलांचं मशीन जिंकेल. म्हणजे आपण ज्यावर चिडलात तो लेख आपल्या वडिलांच्याच बाजूचा होता. पूर्ण वाचला असतात तर कळलं असतं.

आता फर्निचर म्हणजे काय ते बघू. पलंगाचे पाय तीन इंची. डायनिंग टेबलाच्या खालची चौकट दोन इंची. लाकूड सागवान, शिसम, नाहीतर बाभूळ. एक इंची फळी चिरताना पातं जेवढं लाकूड काढतं, त्याच्या दुप्पट दोन इंचीत, तिप्पट तीन इंचीत. मोटर तीच असेल तर लाकूड तेवढंच हळू सरकवायला लागतं. हळू सरकवलं की दात कापायच्या ऐवजी घासतात आणि लाकूड जळतं. सागवानात सिलिका असते, ती दातांची धार खाते. म्हणजे आपण म्हणता ती धार सकाळी लावली तरी संध्याकाळी सकाळसारखी नसते. जुन्या नाशकातल्या पडक्या वाड्यांचं सागवान मी बरंच घेतो. पन्नास-साठ वर्षं वाळलेली तुळई चिरताना मोटरचा सूर खाली येतो तो कानाला कळतो, तशी आत एखादी खिळ्याची मोडकी मान असली तर तीही कळते. कापलेल्या कडेवर कोळशासारखी काळी रेघ उमटते आणि ती रंध्याने काढताना मिलिमीटरभर लाकूड जातं. हे मी ऐकीव लिहीत नाही.

नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात मी १९ वर्षं मेंटेनन्सला होतो. जळालेल्या मोटरी उघडणं हेच माझं पोटापाण्याचं काम. वाइंडिंग जळाल्याचा वास मला झोपेतही ओळखू येतो. नोकरी सोडून मखमलाबादला शेड टाकली तेव्हा मीही पैसे वाचवायला ब्रशवालं, १८०० वॅटचं मशीन घेतलं होतं. एकदा दोन इंची बाभळीची फळी चिरत होतो. अर्ध्यात मोटर दबली, फळी पुढे जाईना. मी पोटाचा जोर लावून रेटली. क्षणभर जोर कमी केला तसे पात्याने फेरे घेतले, फळी एकदम पुढे सुटली आणि तिच्याबरोबर माझा हात. वरचं झाकण होतं म्हणून बोटं वाचली. तळहाताची कड झाकणावर आपटून फाटली, चार टाके पडले. आपल्या ‘ताकद वाढली की धोका वाढतो’ला माझं उत्तर तेवढंच आहे. पातं १ एचपीचं असलं तरी बोट सोडत नाही. आणि कमी ताकदीमुळे माणूस लाकूड रेटायला लागतो, तोल तिथेच जातो. झाकण, मागची रिव्हिंग नाइफ (चिरलेलं लाकूड पात्याला आवळू नये म्हणून पात्यामागे असलेली पट्टी) आणि ढकलायची काठी ही तिन्ही कुठल्याही मशीनवर हवीतच, हे मी लेखात लिहिलं होतं. विसरलो नव्हतो.

व्होल्टेजबद्दल आपण एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून मीच लिहितो. आमच्या भागात द्राक्षबागांचे पंप चालू झाले की मीटरवर २३०चे १९० झालेले मी पाहिलेत. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) उतरतो. १९०ला तो २३०च्या दोन-तृतीयांशाच्या थोडा वर राहतो, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. १ एचपीचं मशीन त्या वेळी काय करणार? आमच्याकडचा शेतकरी पंप घेताना विहिरीची खोली, पाइपाची लांबी आणि लाइट कशी येते ते विचारतो, आणि गरजेपेक्षा थोडा मोठा घेतो. त्याला कुणी घाबरट म्हणत नाही.

पातळ पात्याचं म्हणाल तर ते मी स्वतः वापरतो. ३.२ मिलिमीटरच्या जागी २.४चं लावलं की एक चतुर्थांश लाकूड कमी निघतं. म्हणजे १ एचपी ही सव्वा-दीड एचपीसारखी वागेल, ३ एचपीसारखी नाही. आणि तीन इंची बाभळीत ते पातं लचकतं, सरळ चालत नाही.

घरच्या सिंगल फेजवर ३ एचपी घ्यायची तर स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्टार्टर लागतो, खर्च येतो. ज्याला परवडत नाही त्याने इंडक्शनची २ एचपी घ्यावी आणि दीड इंचीपर्यंतच काम करावं, हेही लेखात आहे. जो फक्त प्लाय कापतो त्याच्यासाठी मी लिहिलंच नव्हतं.

एवढं सगळं एका वाक्यावर लिहायला लागलं, कारण ते वाक्य मला लागलं. वडिलांचं नाव घेऊन समोरच्याला गप्प बसवता येतं हे मला माहीत आहे, मीही ते लहानपणापासून करत आलोय. माझे वडील हातकरवतीने चिरायचे. त्यांना १ एचपी मिळाली असती तर त्यांनी आनंदाने घेतली असती, आणि ३ मिळाली असती तर १ एचपीकडे वळूनही बघितलं नसतं.

मूळ लेखात ४ इंचांच्या जागी सव्वातीन इंच केलं आहे. बाकी मजकूर आहे तसाच ठेवतो.