एकदा तरी आई होऊ द्या म्हणे!

आज सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले, सोबत त्यांचा ब्रूनो. माझ्याकडे ठमी. दोघंही पग, म्हणजे चपट्या नाकाची बारकी कुत्री, त्यामुळे लिफ्टमध्ये नुसता घुर्रर्र घुर्रर्र आवाज, दोन मिक्सर चालू असल्यासारखा. काका हसले आणि म्हणाले, "अहो मॅडम, आमच्या ब्रूनोचं वय झालंय आता, क्रॉसिंग करून टाकू की! एक पिल्लू आम्हाला द्या, बाकीची तुमची, पंधरा-वीस हजाराला एक जातं हल्ली." मी म्हटलं, काका, तिचं ऑपरेशन झालंय. तर काकांचा चेहरा असा पडला की जसं काही मी त्यांच्या घरातली स्थळं मोडली. "अरेरे. असं नव्हतं करायचं हो. एकदा तरी आई होऊ द्यायचं तिला. मुकं जनावर झालं तरी बाईचाच जन्म ना."

आणि मी काय केलं? हसले. "हो ना" म्हणाले!! ग्राऊंड फ्लोअर आला, दार उघडलं, मी बाहेर. दिवसभर ऑफिसात ते "हो ना" माझ्या घशात अडकलंय. म्हणून आता लिहितेय, लांब होणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

काका, ठमी आई झालीये. किती वेळा ते मला माहीत नाही. एकदा बसून हिशोब करायला घेतला होता, कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, आमच्या डॉक्टरांनी दात बघून वय सहा-सात सांगितलेलं... मग पेन ठेवून दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ठमी आमच्याकडे आली. पुण्याच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमधून प्राणिमित्र मुलींनी वीसेक कुत्री सोडवली, पग, शित्झू, पॉमेरियन, सगळी बारकी, फ्लॅटमध्ये मावणारी. म्हणजे आपल्यासारख्यांच्या मागणीनुसार तयार होणारा माल. पिंजऱ्याला खालून पण जाळीच, कारण मग घाण आपोआप खाली पडते, धुवायला नको. नखं वाढून आत वळलेली, तळव्यात रुतलेली. ठमीला नाव नव्हतं. सहा वर्षं जगलेल्या जिवाला नाव नव्हतं, काय हाक मारत असतील? मारत नसतीलच. पिल्लं काढायची आणि विकायची, त्यात हाक मारायचा प्रश्न कुठे येतो.

पहिले तीन दिवस ती चाललीच नाही. चालली ती गोल. आमचा हॉल एवढा मोठा, पण ही मधोमध दोन फुटांत गोल गोल फिरायची, जणू आजूबाजूला जाळी आहे. सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या. आता सासूबाईंचं सांगायचं तर, घरात कुत्रं आणायला त्यांचा कडक विरोध. "कुत्रं आलं तर मी धाकट्याकडे जाते" हे त्यांचं वाक्य, बॅग सुद्धा भरलेली.

चौथ्या रात्री, दोन-अडीच वाजले असतील, स्वयंपाकघरातून खुडखुड आवाज आला. मला वाटलं उंदीर. बघते तर ठमी बटाट्याच्या टोपलीपाशी. एक बटाटा तोंडात धरला, अलगद, दात न लावता, आणि निघाली सासूबाईंच्या खोलीत. कॉटखाली गेली. परत आली. दुसरा. मी अंधारात उभी, हलायची हिंमत नाही, कारण चार दिवसांत पहिल्यांदा ती सरळ रेषेत चालत होती. असे पाच बटाटे नेले. शेवटचा एकदम लहान होता, लिंबाएवढा, तो दोनदा पडला, दोनदा उचलला. मग कॉटखाली आडवी झाली, पाचही पोटाशी घेतले आणि चाटायला लागली. एकेक करून, क्रमाने.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. नवरा उठून आला, त्याला वाटलं बटाटा खाईल आणि पोट बिघडेल, म्हणून एक काढायला हात घातला तर ही गुरगुरली. जी चार दिवस पंख्याच्या आवाजाला घाबरून मुतत होती ती गुरगुरली! आणि कॉटवरून सासूबाईंचा आवाज आला, जाग्याच होत्या त्या, "राहू दे रे. पोरं आहेत तिची."

डॉक्टर म्हणाले फॉल्स प्रेग्नन्सी. पोटात काही नसतं पण शरीराला वाटतं पिल्लं झाली, दूधही येतं, मग बाहुली, चप्पल, मिळेल त्याला कुशीत घेतात. दूध आटू द्या, मग ऑपरेशन करू. दहा-बारा दिवस आमच्याकडे कॉटखाली पाच बटाटे होते, त्यांना कोंब आले, आणि टोपलीतले उरलेले बटाटेही सासूबाईंनी भाजीला घेतले नाहीत. सगळे दिवस भेंडी आणि कोबी. धाकट्याकडे जायची बॅग कधी रिकामी झाली मला कळलंच नाही.

तर काका, "एकदा तरी आई होऊ द्या" म्हणजे नक्की काय करू?

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी पोटावरचे केस काढले आणि मला आत बोलावून दाखवलं. आधीच्या सिझरच्या दोन खुणा. पगच्या पिल्लांची डोकी मोठी, आईचं कंबरेचं हाड बारीक, त्यामुळे बऱ्याचदा नीट वितच नाहीत, पोट फाडावं लागतं. एक खूण सरळ. दुसरी अशी की गोणी शिवतात तसे टाके. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं बोट फिरवलं त्यावरून. पिशवी काढली. अकरा दात काढले, सडलेले. घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्याशेजारी बसकण मारली आणि तिला म्हणाल्या, "माझीपण काढली एकोणपन्नासाव्या वर्षी. सुटतो गं आपण." काका, हे तुम्ही ऐकायला हवं होतं.

आणि हो, शास्त्र पण सांगते, कारण आमच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी "निसर्गाच्या विरुद्ध" वगैरे टाकणार आहे. एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते असं काहीही नसतं. उलट पिशवी ठेवली तर वय वाढल्यावर त्यात पू होऊ शकतो, स्तनांच्या गाठी होऊ शकतात. आणि निसर्गाचं म्हणाल तर पगमध्ये निसर्गाचं काय शिल्लक ठेवलंय आपण? नाक दाबून दाबून सपाट केलं, आता श्वास घेता येत नाही, एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर मी हिला खाली नेत नाही. डोळे बाहेर आलेले, पापणी नीट मिटत नाही, म्हणून दिवसातून तीनदा ड्रॉप. ज्याला आपण "किती गोड घोरतो" म्हणतो ना, तो जीव हवा ओढत असतो.

आता राग थोडा माझ्यावरच वळतोय, तेही लिहून टाकते.

२००३ मध्ये ती हच मोबाईल कंपनीची जाहिरात आली होती आठवतंय? मुलाच्या मागे मागे जाणारा पग. सगळ्या देशाला पग हवा झाला. आमच्या घरातही हवा झाला. भावाने दोन दिवस जेवण सोडलं, मग बाबांनी एका दुकानातून आणला. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर्तमानपत्राच्या कपट्यांवर, मुठीएवढा. दुकानदार म्हणाला दीड महिन्याचा आहे. आज कळतं की महिन्याचाही नसेल, धड दूध सुटलेलं नव्हतं. नवव्या दिवशी पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या त्या जीवघेण्या विषाणूने गेला. रक्ताची हगवण, मी तेव्हा कॉलेजात, रात्रभर चमच्याने पाणी घालत बसलेले. त्याच्यासाठी आम्ही खूप रडलो. आणि त्याची आई कुठे असेल हा प्रश्न आमच्या चौघांपैकी एकालाही पडला नाही. बाबांना तर नाहीच, ते दुकानदाराशी पैसे परत घेण्यावरून भांडत होते. आणि त्याने पैसे दिले नाहीत, बदली पिल्लू देतो म्हणाला. बदली. मिक्सरचं भांडं बदलून देतात तसं.

म्हणजे ठमीसारख्या कुठल्यातरी कुत्रीच्या पोटाशी त्या दिवशी एक कमी झालं होतं आणि ते आमच्याकडे होतं. त्या रात्री ती काय चाटत बसली असेल.

जाऊ दे.

कायदा आहे का? आहे की. २०१७ चे नियम आहेत, ब्रीडरने, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याने, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, एका कुत्रीचं वर्षात एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही. फार छान लिहिलेत. आता तुमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी पिल्लू घेतलं त्यांना विचारा, नोंदणीचा कागद बघितला का. लोक रिक्षावाल्याशी मीटरवरून पाच मिनिटं वाद घालतात, पण वीस हजाराचं पिल्लू इन्स्टाग्रामवर फोटो बघून, गूगल पे करून, हायवेच्या पुलाखाली गाडीतून उतरवून घेतात! पुलाखाली का बोलावलं, घरी का नाही, हे विचारत नाहीत. कारण घरी बोलावलं तर आई दिसेल ना.

आणि पकडलं तरी काय? ज्या मुलींनी ठमीला सोडवलं त्यांना चौकीत सांगितलं गेलं की मॅडम, कलम लावतो, पण पहिल्यांदा असेल तर दंड दहा ते पन्नास रुपये. हो, बरोबर वाचलंत. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा हा कायदा १९६० चा, दंडही जुन्या काळचा. पन्नास रुपयात आज दोन वडापाव येतात, चहाचे पैसे वरून घालावे लागतात. त्या शेडवाल्याने विणाऱ्या कुत्र्या द्यायला खळखळ केली म्हणे, पण ठमीला लगेच दिलं. "ही घेऊन जा, हिचं काही राहिलं नाही आता."

हिचं काही राहिलं नाही!! हे वाक्य मला रात्री तीनला आठवतं कधीकधी.

बरं, सगळे ब्रीडर तसे नसतात, मान्य. असतील चांगले, घरात ठेवणारे, आई दाखवणारे, तुमचीच उलटतपासणी घेणारे. दोघं-तिघं मलाही माहितीयेत. आणि हो, "एवढा पुळका आहे तर रस्त्यावरचं का नाही घेतलं" हेही मान्य, आपली देशी कुत्री या हवेसाठीच बनलीयेत, घेणार असाल तर खरंच तेच घ्या, माझा काही विरोध नाही. पण शेडमधून सुटलेल्या या म्हाताऱ्या बायकांनी जायचं कुठे? रस्त्यावर एक दिवस जगणार नाहीत त्या. ठमीला जिना माहीत नव्हता. गवत माहीत नव्हतं, पहिल्यांदा सोसायटीच्या लॉनवर ठेवलं तर एक पाय उचलून उभी राहिली, मग दुसरा उचलला, मग पडली.

खर्च विचारतात सगळे. झाला खर्च, पहिल्या वर्षी पिल्लू विकत घेतलं असतं त्याच्या दुप्पट झाला, ऑपरेशन, दात, गोचीडताप, डोळे. खोटं नाही सांगणार. आणि ती अजून पूर्ण सुधारली नाहीये, दोन वर्षं झाली तरी झाडू उचलला की कोपऱ्यात जाते, शू कधीकधी घरात होते, अनोळखी पुरुषाचा आवाज चढला की थरथरते. ज्यांना इन्स्टाग्रामसारखं "रेस्क्यू आफ्टर", म्हणजे सोडवल्यावर लगेच उड्या मारणारं कुत्रं हवंय, त्यांनी यात पडू नका. पण संध्याकाळी सात वाजता सासूबाई दिवा लावतात तेव्हा ही त्यांच्या पायाशी येऊन बसते, मग त्या शुभंकरोती म्हणतात आणि ही घोरते. हल्ली सासूबाई धाकट्याकडे चार दिवस गेल्या तरी रोज फोन, आणि माझी चौकशी शेवटी, आधी "तिने खाल्लं का".

काकांबद्दल आता राग कमी झालाय खरं तर. माणूस वाईट नाही. काकू गेल्यापासून ब्रूनोच आहे त्यांना, पावसात स्वतः भिजतात आणि छत्री त्याच्यावर धरतात, मी बघितलंय. त्यांना कोणी सांगितलंच नसेल. आणि मी तर "हो ना" म्हणून निघून आले, मी कुठे सांगितलं?

उद्या साडेसातला परत भेटतील. भांडणार नाही. एवढंच विचारणार आहे, काका, ब्रूनोला आणलंत तेव्हा त्याची आई बघितली होती का हो?

अकरा वाजले, ड्रॉप घालायचेत. बाटली हातात घेतली की लगेच कळतं तिला, सासूबाईंच्या कॉटखाली जाऊन बसते, बटाटे ठेवले होते बरोब्बर त्याच जागी, आणि मग मला पोटावर झोपून आत सरकावं लागतं.