आपली ऑपरेटिंग सिस्टीम आणि रद्दीत गेलेलं कपाट

कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात दोन विषय निघाले. पहिला, भारताची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर किंवा फोन चालवणारा मूळ सॉफ्टवेअरचा संच, हवी. संरक्षण मंत्रालयाची 'माया' 2023 मध्ये आली, त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या आधाराने उभी राहिलेली 'भारओएस' आली, मग आपण अजून मायक्रोसॉफ्ट आणि गूगलच्या दारात का उभे आहोत, असा सगळ्यांचा सूर. दुसरा विषय, आमच्या कॉलेजने लायब्ररीतलं ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकांचं कपाट रिकामं केलं. पुस्तकं रद्दीत गेली आणि त्या जागी मोठा स्क्रीन आणि बसायला गाद्या आल्या. फोटो पडला, त्यावर टाळ्या पडल्या. पहिल्या विषयावर ज्यांनी तिरंगे टाकले होते त्यांच्याच टाळ्या.

एका मित्राने, जो आता हिंजवडीत बऱ्यापैकी मोठ्या हुद्द्यावर आहे, समजावून सांगितलं: "अगं, दीड हजार पानं आता कोण वाचतं? इंटरव्ह्यूला दहा प्रश्न येतात. डेडलॉक, पेजिंग, सेमाफोर, प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक. बाकीचं एआयला विचारायचं." मी विरोध केला तर उत्तर आलं, "तू तिकडे म्युनिकला बसून बोलतेस. इथल्या पोरांना प्लेसमेंट हवी असते."

मी तिथे लांबलचक उत्तर लिहिलं आणि ते शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडलं गेलं. म्हणून इथे लिहिते आहे.

'माया' उबुंटू या तयार सिस्टीमवर उभी आहे, 'भारओएस' अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सवर, म्हणजे कुणालाही वाचता येणाऱ्या मूळ कोडवर. दोन्हींच्या तळाशी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आहे. यात कमीपणा काही नाही, सगळं जग तेच करतं. पण तो कर्नल ज्याने सुरू केला तो कसा तयार झाला हे 'स्वदेशी'च्या चर्चेत कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. 1976-77 च्या सुमारास त्यांनी एटी अँड टी या अमेरिकी कंपनीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल, सुमारे 9,000 ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर भाष्य लिहिलं. पुढच्या आवृत्तीपासून एटी अँड टीने सोर्स वर्गात शिकवायला बंदी घातली. मग लायन्स यांचं पुस्तक जगभर झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगलं. रीतसर छापलं गेलं ते थेट 1996 मध्ये. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं धुंडाळत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला झेरॉक्सचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

त्याच बंदीमुळे अ‍ॅमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स ही सिस्टीम स्वतः लिहिली आणि 1987 मध्ये पाठ्यपुस्तकाच्या शेवटी तिच्या सोर्सच्या सुमारे 12,000 ओळी छापून टाकल्या. हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने ते पुस्तक वाचलं, मिनिक्स स्वतःच्या पीसीवर चालवली, आणि 25 ऑगस्ट 1991 रोजी मिनिक्सच्याच चर्चागटावर कळवलं की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत. तो लिनस टोरवाल्ड्स. ज्या लिनक्सवर आपली 'स्वदेशी' उभी आहे त्याच्यामागे एक जाड पुस्तक आणि ते नेटाने वाचणारा एक मुलगा आहे. त्या मुलाला दहा प्रश्नांची यादी दिली असती तर त्याने दहा उत्तरं दिली असती.

आता माझ्याबद्दल. मी उदगीरहून पुण्यात आले तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद व्हायची, मुलींच्या होस्टेलचं गेट रात्री लवकर लागायचं, आणि लॅबमध्ये मिळायचा तो वेळ जर्नल पूर्ण करण्यात जायचा. परीक्षेपुरतं वाचायला लोकल ऑथरची पुस्तकं होती, पाच मार्कांची उत्तरं तयार करून दिलेली. ती मीही वाचली, पास झाले. पण ऑपरेटिंग सिस्टीम मला भेटली ती मॉरिस बाख यांच्या 1986 च्या युनिक्सवरच्या पुस्तकात. स्वस्तातली भारतीय आवृत्ती, सेकंडहँड, आत आधीच्या दोन मालकांची नावं.

त्यात तिसऱ्या प्रकरणात बफर कॅश आहे, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराचे तुकडे (ब्लॉक) मेमरीतल्या कप्प्यांत (बफरांत) हाताशी ठेवायची सोय. डिस्कवरचा ब्लॉक हवा असेल तर कर्नल आधी मेमरीत शोधतो. आकृतीत चार रांगा आहेत, ब्लॉकच्या नंबराला चारने भागून जी बाकी उरते तिच्याप्रमाणे. 28, 4, 64 पहिल्या रांगेत. 17, 5, 97 दुसऱ्या. शिवाय मोकळ्या बफरांची एक वेगळी यादी, जी या सगळ्या रांगांतून आडवी जाते. मग पाच शक्यता: ब्लॉक रांगेत आहे आणि मोकळा आहे, रांगेत नाही पण मोकळा बफर मिळाला, मिळाला पण त्यातला मजकूर अजून डिस्कवर लिहायचा राहिलाय, मोकळा बफर एकही नाही, ब्लॉक रांगेत आहे पण दुसऱ्या प्रोसेसने, म्हणजे दुसऱ्या चालू प्रोग्रॅमने, धरून ठेवलाय. मी या पाचही शक्यता वहीत पेन्सिलीने चालवल्या. एक नंबर खोडायचा, दुसऱ्या रांगेत लिहायचा, कोणती प्रोसेस वाट बघत झोपली, कोणती जागी झाली ते समासात. माझ्या खोलीत मशीन नव्हतं, पण कर्नल चालत होता. पाचवी शक्यता चालवताना मला पहिल्यांदा कळलं की झोपेतून उठलेल्या प्रोसेसने आपला बफर आता आपलाच आहे असं धरून चालायचं नसतं. मधल्या काळात तो तिसऱ्याच कुणी नेलेला असू शकतो. म्हणून पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. हे मला कुणी पाच मार्कांत सांगितलं असतं तर मी ते पाच मार्कांपुरतं लक्षात ठेवलं असतं.

मित्र म्हणतो, एआयला विचार. मी रोज विचारते. त्याला उत्तर येतं. प्रश्न मात्र आपल्याला यावा लागतो. आमच्या टीममधल्या एका ज्युनियरच्या प्रोग्रॅमची गंमत अशी होती की स्क्रीनवर एक ओळ एकदाच दिसायची, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की तीच ओळ दोनदा. त्याने दोन दिवस एआयला लॉगिंगबद्दल विचारलं, लूपबद्दल विचारलं. फोर्कबद्दल, म्हणजे चालू प्रोसेसने स्वतःची नक्कल, 'मूल' प्रोसेस, काढण्याबद्दल विचारलं नाही, कारण फोर्कचा याच्याशी संबंध असेल हे त्याच्या मनातच आलं नाही. स्क्रीनवर लिहिताना सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची लायब्ररी ओळ संपली की मजकूर पुढे ढकलते. फाइलमध्ये लिहिताना मात्र मोठा साठा होईपर्यंत तो आपल्याजवळ धरून ठेवते. तेवढ्यात फोर्क झाला तर तो न लिहिलेला साठाही मूल प्रोसेसकडे नकलून जातो. मग दोघंही नेहमीच्या एक्झिटने संपताना आपापली प्रत लिहून टाकतात. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने कपाटातून मायकल केरिस्क यांचं 'द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस' काढलं, पंचविसावं प्रकरण उघडलं आणि पान समोर ठेवलं. त्याला ते आठवलं कारण त्याने ते कधीतरी वाचलं होतं, गरज नसताना.

गरज नसताना वाचलेलं. यासाठीच जाड पुस्तक लागतं. केरिस्क यांचं पुस्तक 2010 मध्ये आलं. 64 प्रकरणं, दीड हजारावर पानं, पाचशेहून जास्त सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायचे मार्ग) आणि लायब्ररी फंक्शन्स. सिग्नलची, म्हणजे चालू प्रोसेसला मधेच येणाऱ्या सूचनांची, तीन प्रकरणं सलग वाचल्याशिवाय सिग्नल हँडलरमधून (सिग्नल आल्यावर धावणाऱ्या फंक्शनमधून) प्रिंटएफने मजकूर का छापू नये हे अंगात भिनत नाही. आणि बहुतेक प्रकरणांच्या शेवटी स्वाध्याय आहेत, जे कुणी तपासणार नसतं.

इथे म्युनिकला, निदान माझ्या ऑफिसात, ते पुस्तक कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप नाही. आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या प्रशिक्षणाला, आलेली एकोणीस वर्षांची मुलं ते जेवणाच्या टेबलावर घेऊन बसतात आणि त्यांना कुणी हसत नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा दुसऱ्या एकाने लगेच हाणलं: "तुमच्या म्युनिकनेच तर लिनक्स गुंडाळलं!" बरोबर. 2003 मध्ये इथल्या नगरपालिकेने लिनक्सवर जायचं ठरवलं, 2013 पर्यंत सुमारे 15,000 टेबलांवर ते बसवलं, आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचं मतदान झालं. पण मग हेही सांगा की 2020 मध्ये आलेल्या नव्या आघाडीने करारात पुन्हा शक्य तिथे ओपन सोर्स असं लिहिलं. या शहराने ती सिस्टीम हजारो कर्मचाऱ्यांकडून वर्षानुवर्षं वापरून घेतली आणि मग भांडण केलं. आपण वापरायच्या आधी भांडतो, वाचायच्या आधी तर नक्कीच. आणि म्युनिक नको असेल तर केरळ घ्या. तिथल्या सरकारी शाळांत मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतात. महाराष्ट्राला हे का जमू नये? पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेचं मुख्यालय आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांवर अख्ख्या देशाची सी शिकून झाली. आपल्याकडे वाचणारी मुलं नव्हती असं कुणी म्हणू नये. मी त्यांच्यातच वाढले.

राग इतका का आला, हे मी स्वतःला विचारलं. "तू तिकडे बसून बोलतेस" हे लागलं म्हणून आला. केव्हीआरमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कार्यालयात, माझी नागरिकत्वाची फाइल आहे. जर्मनीने 2024 पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, भारत करत नाही, म्हणजे ज्या दिवशी इथला कागद हातात पडेल त्या दिवशी तिथला पासपोर्ट परत करायचा. आईबाबांना हे अजून सांगितलेलं नाही. आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर 'आपली' ऑपरेटिंग सिस्टीम, 'आपली' असं दहा जण लिहीत होते. त्या 'आपली'मध्ये मला अजून धरतात का, हे विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून मी पुस्तकांवरून भांडले. पण पुस्तकांचं म्हणणं त्यामुळे खोटं ठरत नाही.

पुस्तकांबद्दल आणखी एक आहे. उदगीरहून पुण्यात आल्यावर माझं इंग्रजी वर्गात हसण्याचा विषय होतं. इथे आल्यावर पहिली काही वर्षं जेवणाच्या टेबलावर बव्हेरियन बोली सुरू झाली की मी ताटाकडे बघत बसायचे. दोन्ही ठिकाणी मला बरोबरीचं वागवलं ते छापलेल्या पानाने. त्याने माझा उच्चार ऐकला नाही, गाव विचारलं नाही, एकच परिच्छेद मी कितीदा वाचला हे मोजलं नाही. केरिस्क मूळचे न्यूझीलंडचे आणि राहतात याच शहरात, हे मला पुस्तकाच्या लेखक-परिचयात दिसलं तेव्हा मी खूप वेळ त्या दोन ओळींवर होते. परक्या भाषेच्या शहरात राहून एका माणसाने एक सिस्टीम पुस्तकात इतकी पूर्ण समजावून लिहिली, की जगाच्या कुठल्याही गावातल्या मुलीला ती उघडता यावी. माझ्यासाठी देश या शब्दाच्या जवळ जाणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांत ही आहे.

एआयचा किंवा त्या मोठ्या स्क्रीनचा मला विरोध नाही. होस्टेलवर माझ्याकडे ते असतं तर मी रात्रभर वापरलं असतं. मला विरोध आहे तो 'दहा प्रश्न पुरतात' असं अठरा वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसांनी सांगण्याला. ज्यांच्या घरी इंजिनियर आई-वडील आहेत त्यांना अकरावा प्रश्न जेवताना कळतो. उदगीरच्या, सांगोल्याच्या, गडहिंग्लजच्या मुलाला तो कपाटातच सापडतो, आणि कपाट तुम्ही रद्दीत घातलंत.

कॉलेजला मी कळवलंय की एक कपाट भरून पुस्तकं मी देते, अट एवढीच की त्याला कुलूप नको आणि पुस्तक मुलांना होस्टेलवर नेता आलं पाहिजे. तोपर्यंत थांबायचं कारण नाही. दर रविवारी इथले सकाळचे दहा, म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे दुपारचे दीड, मी केरिस्क यांचं एक प्रकरण मराठीतून घेणार आहे. सुरुवात चौथ्या प्रकरणापासून, फाइल उघडणं, वाचणं, लिहिणं, बंद करणं. पहिली तीन इतिहासाची आणि मूळ कल्पनांची आहेत, ती आधी आपापली वाचून यायची. स्वाध्याय सगळे करायचे. लॅपटॉप नसेल तर वही आणि पेन्सिल घेऊन या.